वर्गणीच्या रेडिओचं मोल

२००९ सालच्या शेवटच्या दिवशी वर्ल्डस्पेस या कंपनीने भारतातली आपली उपग्रह रेडिओ सेवा बंद केली. ज्यांनी पैसे मोजून तिचा संच घेतला होता आणि वर्षाची वर्गणी आगाऊ भरली होती, त्यांच्या घरातला तो संच नव्या वर्षात मुका झाला. त्यात बिघाड काहीच नव्हता. पण ज्या कामासाठी तो घेतला होता, ते काम दुसरी कुठलीही कंपनी करून देऊ शकत नव्हती. कंपनीने दिलेलं कारण असं होतं: मूळ अमेरिकन कंपनी ऑक्टोबर २००८ पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे, तिची मालमत्ता घेऊ पाहणाऱ्याला भारतातला वर्गणीचा व्यवसाय नको आहे, म्हणून तो थांबवावा लागतो आहे. भारतातला रसिक आणि त्याचा रेडिओ यांच्यातला संबंध असा परदेशातल्या एका सौद्यात तुटला.

उपग्रह रेडिओ पैसे मोजण्याच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षं विचारला जातो आहे. उत्तरं बहुतेक वेळा वाहिन्या किती, जाहिराती आहेत की नाहीत आणि महिन्याला किती पडतं, एवढ्यावरच दिली जातात. ती अपुरी आहेत. या रेडिओत माणूस संच विकत घेतो, कार्यक्रम भाड्याने घेतो आणि कंपनीच्या भवितव्यावर विश्वास टाकतो. या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडला तर चित्र वेगळं दिसतं. ते उपग्रह रेडिओच्या बाजूचंही आहे आणि विरोधातलंही.

वर्ल्डस्पेसची सुरुवात व्यापारी हेतूपेक्षा मोठ्या हेतूने झाली होती. तिचे संस्थापक नोआ समारा यांचा जन्म अदिस अबाबाचा आणि शिक्षण कायद्याचं. ऐंशीच्या दशकात आफ्रिकेतल्या एड्सच्या साथीबद्दल वाचताना त्यांना जाणवलं की त्या खंडात माहिती पोहोचवायला धड साधनच नाही. वर्तमानपत्रं शहरांपुरती, दूरचित्रवाणी श्रीमंतांपुरती आणि लघुलहरींवरचा रेडिओ खरखरीत बुडालेला. आभाळातून थेट छोट्या संचात स्वच्छ आवाज उतरवता आला तर? १९९० मध्ये त्यांनी कंपनी काढली. १९९२ मध्ये स्पेनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत या कामासाठी १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला गेला. २८ ऑक्टोबर १९९८ ला फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून ‘आफ्रिस्टार’ उडाला आणि २१ मार्च २००० ला ‘एशियास्टार’. लॅटिन अमेरिकेसाठी ठरवलेला ‘अमेरिस्टार’ कधीच उडाला नाही. हिताची, जेव्हीसी, पॅनासॉनिक, सान्यो अशा जपानी कंपन्यांनी पहिले संच बनवले. पुढे भारतात बीपीएलचं नावही त्यात आलं.

हे संच उचलून नेता येत, पण ‘पोर्टेबल’ या शब्दाने मनात उभं राहणारं चित्र आणि प्रत्यक्ष यांत अंतर होतं. एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर. पुण्याहून पाहिलं तर तो आग्नेयेकडे, जरा पूर्वेला झुकलेला आणि क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. तळहाताएवढा चपटा अँटेना त्या दिशेला नेमका वळवून ठेवायचा आणि मध्ये भिंत, झाड किंवा शेजारची इमारत येऊ द्यायची नाही. ज्याच्या घराला पूर्वेची किंवा दक्षिणेची मोकळी खिडकी, त्याच्या घरी गाणं. पश्चिमेच्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला अँटेना गच्चीवर किंवा बाहेर कुठेतरी बसवून तार आत ओढावी लागे. आकाशवाणीची मध्यमलहर भिंती ओलांडून, डोंगराला वळसा घालून स्वयंपाकघरातल्या फळीपर्यंत येते. वीस सेंटिमीटरच्या लहरींना ते जमत नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा क्षीण सिग्नल सिमेंटच्या स्लॅबमधून पार होणं तर दूरच.

मग लोकांनी तो घेतला कशासाठी? कारण त्यावर जे ऐकायला मिळत होतं ते त्या काळात दुसरीकडे मिळत नव्हतं. ‘गंधर्व’ या वाहिनीवर चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, ‘श्रुती’वर कर्नाटक संगीत, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी. मराठीसाठी ‘सुरभी’ होती. शिवाय जाझ, पाश्चात्त्य अभिजात संगीत, बीबीसी. २००६ मध्ये ए. आर. रहमान या सेवेचा चेहरा झाले. त्या दशकातल्या बाकीच्या रेडिओकडे पाहिलं की या यादीचं वजन कळतं. खासगी एफएम २००१ मध्ये सुरू झालं होतं, पण त्याला बातम्या द्यायची परवानगी नव्हती आणि परवाना शुल्काच्या ओझ्याखाली बहुतेक स्टेशनं नव्या चित्रपटगीतांच्या त्याच त्या फेऱ्यात अडकली होती. आकाशवाणीकडे संगीताचा अफाट ठेवा होता, पण राग ऐकायचा तर तिच्या वेळापत्रकाप्रमाणे पहाटे किंवा रात्री. सांगलीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला दुपारी तीन वाजता भीमपलास ऐकावासा वाटला तर कॅसेट शोधणं हाच उपाय.

त्याला वर्षाला हजार-दोन हजार रुपयांच्या घरातली वर्गणी परवडत असेल, तर वर्ल्डस्पेस हा उत्तम सौदा होता. पैशांच्या बदल्यात त्याला केवळ गाणी मिळत नव्हती, निवड मिळत होती. कोणत्या प्रहरी कोणता राग, एका गायकानंतर दुसरा कोण, कोणती जुनी मैफल पुन्हा ऐकवण्याजोगी, हे ठरवणारी जाणती माणसं बंगळूरच्या स्टुडिओत बसलेली होती. वर्गणीच्या रेडिओचं खरं मोल इथे आहे. संगीताचा साठा आज कुणाच्याही फोनमध्ये असतो. पण दुसऱ्या कुणीतरी विचारपूर्वक लावून दिलेलं ऐकण्याचा आनंद साठ्यातून आपोआप निघत नाही. ‘गंधर्व’चे श्रोते सेवा बंद झाल्यावर इतके हळहळले, ते याच निवडीसाठी.

रेडिओसाठी पैसे भरणं भारतीयांना नवं होतं असंही नाही. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना दरवर्षी नूतन करून घेणारी पिढी अजून आपल्यात आहे. ऐंशीच्या दशकात ते शुल्क रद्द झालं. फरक एवढाच की पोस्टात भरलेल्या रुपयांनी सार्वजनिक व्यवस्था चालत होती आणि ती कुणाला विकली जाणार नव्हती.

वर्ल्डस्पेसच्या जगभरातल्या वर्गणीदारांपैकी बहुतांश भारतातले होते, तरीही हिशेब जुळला नाही. उपग्रहांच्या धंद्याचं गणित कठोर असतं. उपग्रह बांधणं, उडवणं, त्याचा विमा, नियंत्रण केंद्र हा सगळा खर्च पहिला श्रोता येण्याआधीच होतो, आणि एक श्रोता असो की एक कोटी, तो तेवढाच राहतो. म्हणजे एक कोटी आले तर सोनं, नाही आले तर कर्जाचा डोंगर. कंपनीने ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकी शेअर बाजारात २१ डॉलरला शेअर विकले. तीन वर्षांनी ती दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली.

चालत्या मोटारीपर्यंत न पोहोचणं हे या अपयशाचं मोठं कारण होतं. शहरात धावत्या गाडीत उपग्रहाचा सिग्नल टिकवायचा तर इमारतींच्या सावलीत जमिनीवरचे पुनःप्रक्षेपक उभारावे लागतात. भारतात त्यासाठी धोरण हवं होतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २००५ मध्ये उपग्रह रेडिओविषयी शिफारशी सरकारला दिल्या, पण वर्ल्डस्पेसला मोटारीत नेणारी व्यवस्था काही उभी राहिली नाही. रोज दोन-दोन तास वाहतुकीत अडकणारा मुंबई-पुण्याचा माणूस हा तिचा सर्वांत नैसर्गिक ग्राहक होता, आणि त्याच्यापर्यंत ती कधी गेलीच नाही.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं.

तिथे १४५२ मेगाहर्ट्झचा पट्टा लष्करी विमानांच्या चाचण्यांसाठी अडकलेला होता, म्हणून उपग्रह रेडिओला २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झची जागा मिळाली. १९९७ च्या लिलावात दोन कंपन्यांनी प्रत्येकी आठ कोटी डॉलरहून अधिक मोजून परवाने घेतले. त्याच पुढे एक्सएम आणि सिरियस म्हणून ओळखल्या गेल्या. एक्सएमने ‘रॉक’ आणि ‘रोल’ नावाचे दोन भूस्थिर उपग्रह सोडले. सिरियसने तीन उपग्रह अशा लंबवर्तुळाकार कक्षांत ठेवले की त्यांतला एक तरी कायम उत्तर अमेरिकेच्या डोक्यावर उंच असावा. एक्सएमची सेवा १२ सप्टेंबर २००१ ला सुरू व्हायची होती. आदल्या दिवशीच्या हल्ल्यांमुळे ती २५ सप्टेंबरवर गेली. सिरियस पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आली.

दोघींनीही पहिल्यापासून मोटारीवर लक्ष ठेवलं. शहरांत पुनःप्रक्षेपक उभारले, मोटार कंपन्यांशी करार केले, नव्या गाडीत रेडिओ बसवूनच दिला आणि पहिले काही महिने फुकट ऐकवून सवय लावली. टेक्सास किंवा नेवाडाच्या महामार्गावर शंभर मैलांनंतर एफएमचं स्टेशन विरून जातं आणि दुसरं शोधावं लागतं. तिथे एकच वाहिनी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत न तुटता ऐकू येणं ही खरोखर विकत घेण्याजोगी गोष्ट होती. ट्रक चालवणाऱ्यांसाठी तर ती सोबतच ठरली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही या रेडिओशी ओळख नव्या गाडीबरोबर आलेल्या त्या फुकट महिन्यांतूनच होते.

मोटारीत बस्तान बसल्यावर कंपन्यांना खिसा दिसू लागला. ऑक्टोबर २००४ मध्ये डेल्फी कंपनीने एक्सएमसाठी ‘मायफाय’ हा हातात मावणारा संच जाहीर केला. किंमत ३४९.९९ डॉलर आणि वर महिन्याला ९.९९ डॉलर वर्गणी, जी काही महिन्यांतच १२.९५ झाली. म्हणजे पहिल्याच वर्षाचा खर्च साडेचारशे डॉलरच्या पुढे. त्याच वर्षी वीस गिगाबाइटचा आयपॉड २९९ डॉलरना मिळत होता आणि त्याला वर्गणी नव्हती. मायफायच्या बाजूने बोलायचं तर त्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालताना बेसबॉलचा सामना थेट ऐकता येत होता. आयपॉडला ते शक्य नव्हतं.

पण बनवणाऱ्यांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली होती आणि तिच्यातच या उपकरणाची कबुली दडलेली होती. मायफायमध्ये पाच तासांचं प्रक्षेपण साठवण्याची सोय होती. कारण सरळ होतं. भुयारी रेल्वेत, कचेरीत, व्यायामशाळेत, म्हणजे खिशातला रेडिओ जिथे सर्वाधिक ऐकला जातो त्या सगळ्या ठिकाणी, उपग्रह दिसत नाही. तेव्हा आधी मोकळ्या जागी साठवून घ्या आणि मग छपराखाली ऐका. थेट प्रक्षेपणाचं वचन देणारं यंत्र अर्धा वेळ शिळं ऐकवत होतं. २००६ मध्ये पायोनियरचा ‘इनो’ आणि सॅमसंगचा ‘हेलिक्स’ आले. त्यांत पन्नास तासांपर्यंत साठवता येई आणि आवडलेलं गाणं वेगळं काढून ठेवता येई. त्याबरोबर ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी एक्सएमला कोर्टात खेचलं. प्रक्षेपणाचं शुल्क भरून तुम्ही गाण्यांची विक्रीच करता आहात, असा त्यांचा आरोप होता. पुढे तडजोडी झाल्या. सिरियसने आधी ‘एस-५०’ काढला, ज्यात साठवलेलं सोबत नेता येई पण थेट ऐकण्यासाठी तो तळावर बसवावा लागे. मग आला ‘स्टिलेटो’, ज्यात उपग्रहाबरोबर वायफायही होतं. उपग्रह रेडिओच्या खिशातल्या संचाला वायफाय लागावं, इथेच त्या कल्पनेची मर्यादा स्पष्ट झाली होती. २००७ मध्ये आयफोन आला आणि थोड्याच वर्षांत रेडिओसाठी वेगळं यंत्र खिशात बाळगण्याचं कारणच उरलं नाही.

या लेखाचं मत इथे स्पष्ट मांडायला हवं. खिशातला उपग्रह रेडिओ म्हणून जो विकला गेला, तो त्या सबंध व्यवस्थेतला सर्वांत महाग आणि सर्वांत दुबळा भाग होता. घराच्या खिडकीत ठेवलेला वर्ल्डस्पेसचा संच किंवा महामार्गावरच्या गाडीतला एक्सएम यांनी दिलेल्या पैशाचं चीज केलं. खिशातल्याने नाही केलं. जपानमध्ये ‘मोबाहो’ ही अशीच हातातल्या संचांसाठीची उपग्रह सेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि मार्च २००९ मध्ये बंद पडली. दक्षिण कोरियात टीयू मीडियाची सेवा २००५ मध्ये आली आणि २०१२ मध्ये थांबली. दोन्ही देश तंत्रज्ञानात पुढारलेले, दाट लोकवस्तीचे, नव्या उपकरणांचे शौकीन. तरीही फोनवरून फुकट किंवा स्वस्तात ते मिळू लागल्यावर लोकांनी आभाळाकडे पाहणं सोडलं.

भारतातही असा एक घाट घातला गेला होता. जानेवारी २००५ मध्ये इस्रोची व्यापारी शाखा अँट्रिक्स आणि बंगळूरची देवास मल्टिमीडिया यांच्यात करार झाला. उपग्रहाच्या एस-पट्ट्यातून हातातल्या आणि गाडीतल्या उपकरणांवर दृक्‌श्राव्य सेवा देण्याची ती योजना होती. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने करार रद्द केला आणि पुढे ते प्रकरण देशोदेशीच्या न्यायालयांत गेलं. श्रोत्यापर्यंत मात्र त्यातलं काही आलं नाही.

आता वर्गणीकडे. अमेरिकेत वर्गणीदार मिळवण्याची शर्यत इतकी पेटली की दोन्ही कंपन्यांनी कार्यक्रमांवर अफाट पैसा ओतला. निवेदक हॉवर्ड स्टर्न यांच्याशी सिरियसने पाच वर्षांसाठी सुमारे ५० कोटी डॉलरचा करार केला. एक्सएमने बेसबॉलच्या सामन्यांसाठी अकरा वर्षांना ६५ कोटी डॉलर कबूल केले. परिणाम असा की दोघींचे मिळून १.८ कोटींहून अधिक वर्गणीदार झाले तरी तोटा हटेना. फेब्रुवारी २००७ मध्ये विलीनीकरणाची घोषणा झाली आणि जुलै २००८ मध्ये त्याला अंतिम मंजुरी मिळाली. परवाने दोनच होते, त्यांची एकच कंपनी झाली. मक्तेदारीच्या भीतीने नियामकांनी तीन वर्षं दर न वाढवण्याची अट घातली. तरीही फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि लिबर्टी मीडियाने ५३ कोटी डॉलरचं कर्ज देऊन तिला वाचवलं. त्याच वर्षीच्या अखेरीस भारतातल्या वर्ल्डस्पेसच्या वाट्याला असा तारणहार आला नाही. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या, एकाच मंदीत. एकीचे श्रोते ऐकत राहिले, दुसरीचे नाही. श्रोत्यांच्या निवडीचा किंवा कार्यक्रमांच्या दर्जाचा त्यात काहीच संबंध नव्हता, आणि वर्गणी आगाऊ भरणाऱ्याने हे ओळखून असावं.

वाचलेल्या सिरियस एक्सएमचा पुढचा व्यवहारही तपासण्याजोगा आहे. दर गोठवलेले असतानाच बिलात ‘संगीत स्वामित्व शुल्क’ नावाची वेगळी ओळ आली, त्यामुळे जाहिरातीतला दर आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत फरक पडू लागला. त्याआधी सिरियसने पाचशे डॉलरच्या आसपास घेऊन ‘आजीवन वर्गणी’ विकली होती. ते आयुष्य संचाचं धरलं गेलं. संच बदलला की वर्गणी नव्यावर नेण्याला शुल्क आणि मर्यादा. त्यावर खटला झाला आणि अखेरीस तडजोडीत कंपनीला त्या ग्राहकांना सवलत द्यावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी कंपनीवर दावा लावला. वर्गणी सुरू करणं क्षणाचं काम, पण बंद करायची तर फोनवर किंवा चॅटवर प्रतिनिधीशी बराच वेळ झुंजावं लागतं, हा त्यातला मुख्य आरोप. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने याबाबत कंपनीने संघराज्याच्या कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. अमेरिकेतल्या श्रोत्यांमध्ये आणखी एक गोष्ट सर्वश्रुत आहे: वर्गणी तोडायला फोन केला की दर अचानक खाली येतो. म्हणजे जो न बोलता भरत राहतो तो सर्वांत जास्त भरतो, आणि तोच सर्वांत निष्ठावान श्रोता असतो. यात न्याय नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. ‘डिजिटल’ म्हणजे आपोआप सीडीसारखा, अशी समजूत जाहिरातींनी पसरवली. प्रत्यक्षात उपग्रहाकडे असलेली क्षमता ठरलेली असते आणि ती वाहिन्यांमध्ये वाटली जाते. वर्ल्डस्पेसमध्ये १६ किलोबिटचे तुकडे जोडून वाहिनी तयार होई. चर्चेच्या वाहिनीला एखादा तुकडा, संगीताला चार किंवा अधिक. वाहिन्यांची संख्या वाढवायची तर प्रत्येकीचा वाटा कापावा लागतो. अमेरिकेत शंभर-दीडशे वाहिन्यांच्या हव्यासात संगीताच्या वाहिन्यांचा आवाज चेपला, तंबोऱ्यासारख्या सूक्ष्म झंकाराच्या वाद्यांना ज्या वरच्या स्वरांशांची गरज असते ते पुसट झाले. धावत्या गाडीच्या घरघरीत हे जाणवत नाही. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर लगेच जाणवतं. कमी वाहिन्या आणि प्रत्येकीला भरपूर जागा असा निर्णय एखाद्या कंपनीने घेतला असता तर जाणकार श्रोत्याने त्यासाठी आनंदाने जास्त पैसे दिले असते.

या सगळ्यात एक बाजू नेहमी मागे राहते, आणि तीच समारांच्या मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळची आहे. वर्ल्डस्पेसने आपल्या क्षमतेचा काही भाग शिक्षण आणि समाजकार्यासाठी राखला होता. त्यातून आफ्रिकेत ‘रानेट’ हा प्रकल्प उभा राहिला. हवामान खात्यांचे अंदाज आणि नकाशे उपग्रह संचाला जोडलेल्या संगणकावर उतरवायचे आणि तिथून गावच्या छोट्या रेडिओ केंद्रांनी ते शेतकऱ्यांना सांगायचे. जिथे दूरध्वनीची तारही नव्हती, तिथे पावसाचा अंदाज पोहोचत होता. इथे वर्गणी एकट्या श्रोत्याने भरायची नव्हती. एक संच सगळ्या गावाचा कान होता. उपग्रह रेडिओचा इतका समर्पक उपयोग शहरी ग्राहकांच्या बाजारात कुठे झाला नाही.

आपत्तीतही हीच ताकद दिसते. वादळात मोबाइलचे मनोरे पडतात, वीज जाते, स्थानिक रेडिओ केंद्रं बुडतात. आभाळातला उपग्रह जागेवर असतो आणि चार सेलवर चालणारा संच बोलत राहतो. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर एक्सएमने मदतकार्यातल्या लोकांसाठी रेडक्रॉसची वाहिनी चालवली होती. कोकण किनाऱ्यावर निसर्ग वादळाने जून २०२० मध्ये कित्येक गावांतले फोन दिवसेंदिवस बंद पाडले, तेव्हा काय हवं होतं याचा विचार केला तर ही गोष्ट लांबची वाटत नाही.

तुलनेला इंटरनेटवरचा रेडिओ घेतला तर तांत्रिक न्याय उपग्रहाच्या बाजूने आहे. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. श्रोते वाढले की खर्च वाढतो आणि गर्दीत दमही लागतो. उपग्रहाला एकदाच बोलावं लागतं. शिवाय श्रोत्याने काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, हे त्याला कळत नाही. ऐकणाऱ्याचा खासगीपणा आपोआप राखला जातो, आणि आजच्या काळात याची किंमत कमी नाही. बाजाराने मात्र दुसरा निकाल दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर भारतात डेटा इतका स्वस्त झाला की वर्षभराच्या वर्गणीची भाषा करणाऱ्या रेडिओला जागा उरली नाही. सिरियस एक्सएमने स्वतः २०१९ मध्ये पँडोरा ही इंटरनेट संगीत सेवा ३५० कोटी डॉलरच्या शेअर व्यवहारात घेतली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केवळ ॲपवर ऐकणाऱ्यांसाठी महिना ९.९९ डॉलरची नवी योजना काढली. गाड्यांतले नवे संच उपग्रह आणि मोबाइल जाळं दोन्ही वापरतात.

भारतात वर्ल्डस्पेस गेल्यावर जी पोकळी राहिली, ती भरण्याचे प्रयत्न दोन-तीन दिशांनी झाले. बंगळूरच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी टिंबर मीडिया ही कंपनी काढून तशाच धाटणीच्या वाहिन्या डीटीएचवर आणि इंटरनेटवर नेल्या. २६ जानेवारी २०१६ ला आकाशवाणीने बंगळूरहून ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. ती आकाशवाणीच्या ॲपवर आणि डीडी फ्रीडिशवर विनाशुल्क मिळते. ‘गंधर्व’साठी वर्गणी भरणाऱ्या श्रोत्याला आज तितकंच, आणि आकाशवाणीच्या संग्रहामुळे कदाचित जास्त दुर्मीळ, असं संगीत फुकट ऐकता येतं. हे मोठं काम आहे आणि त्याचं कौतुक पुरेसं झालेलं नाही.

पण फ्रीडिशचा रेडिओ ऐकायला टीव्ही लावावा लागतो आणि ॲपला फोन आणि नेट. सत्तरीतल्या माणसाला बटण फिरवलं की वाजणारं काहीतरी हवं असतं. सारेगामाने २०१७ मध्ये आणलेला ‘कारवाँ’ याच गरजेवर चालला. पाच हजार गाणी आत भरलेली, जुन्या ट्रान्झिस्टरचं रूप, वर्गणी नाही, नेट नाही. पुढे मराठी गाण्यांचा कारवाँही आला आणि मुलांनी आईवडिलांसाठी तो घेऊन घरोघरी पोहोचवला. लोक सोप्या, सोबत नेता येणाऱ्या, न तुटणाऱ्या आवाजासाठी पाच-सहा हजार रुपये मोजायला तयार आहेत, हे त्याने सिद्ध केलं. त्यांना नकोशी आहे ती दरवर्षीची टांगती तलवार. कारवाँत भरलेल्या संग्रहात मात्र नवं काही येत नाही, बातमी नाही, आजची मैफल नाही. तो संग्रह रेडिओची उणीव भरतो, पण रेडिओ नाही.

आज या क्षणी कुणी विचारलं तर उत्तर ठिकाणाप्रमाणे वेगळं द्यावं लागेल. अमेरिका-कॅनडात लांबच्या, जाळं नसलेल्या रस्त्यांवर नियमित गाडी चालवणाऱ्याने सिरियस एक्सएमची वर्गणी घ्यावी, पण महिन्याच्या हप्त्याने, आगाऊ मोठी रक्कम न भरता आणि दर वाढला की फोन करून. शहरातच फिरणाऱ्याला फोन पुरतो. हातात धरायचा वेगळा संच कुणीच घेऊ नये.

भारतात अशी वर्गणीची सेवा उरलेलीच नाही, आणि इथे खरी आशा दुसऱ्या तंत्रात आहे. आकाशवाणीने देशभर मध्यमलहरीचे डीआरएम पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपक बसवले आहेत. त्यांतून शेकडो किलोमीटरवर, भिंतींच्या आतही, स्वच्छ आवाज पोहोचू शकतो. त्यासाठी उपग्रह लागत नाही, वर्गणी नाही आणि कुठल्याही परदेशी कंपनीच्या ताळेबंदावर ते अवलंबून नाही. भारतातल्या काही मोटार कंपन्या आपल्या गाड्यांत डीआरएमचा रेडिओ बसवून देतात. साध्या श्रोत्याला परवडेल असा घरगुती संच मात्र दुकानात सहज मिळत नाही. उभारलेल्या प्रक्षेपकांवर सार्वजनिक पैसा खर्च झालेला आहे. आता हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा हातातला संच बाजारात यावा यासाठी सरकार, प्रसारभारती आणि देशी उत्पादक यांनी एकत्र बसायला हवं. एकेकाळी घरोघरी ट्रान्झिस्टर पोहोचवणाऱ्या या देशात ते अवघड नाही.